कोविड आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्या

(मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



शनिवारची दुपार, मुलांचे क्लासेस, आठवड्याची ग्रोसरी, हे सगळे बाजूला ठेवून तुम्ही आलात त्याबद्दल आधी आभार. विषय जाहीर झाल्यावर संयोजकांनी सभासदांकडून ई-मेलने प्रश्न मागवले होते. आलेल्या प्रश्नांचे तीन गट पडले. कोविड होऊन गेल्यावर डोळे अधू होतात का? ओळखीतल्या कुणाच्या तरी डोळ्यात रक्ताची गुठळी झाली, ती लसीमुळे झाली का? आणि, डोळ्यांचा स्कॅन करून 'लाँग कोविड' ओळखता येतो असे ऐकतो, तर तो करून घ्यावा का? आजचे बोलणे मी या तीन प्रश्नांभोवतीच ठेवणार आहे.

एक खुलासा आधीच करते. मी डॉक्टर आहे ती पीएच.डी.ची. डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांवर प्रयोगशाळेत संशोधन करते, रुग्ण तपासत नाही. तेव्हा चहाच्या वेळी कुणी पापणी वर करून डोळा दाखवू नये ही विनंती. (हशा)

कोविड हा फुप्फुसांचा आजार, मग त्यात डोळा कुठून आला? त्याचे असे आहे. शरीरातल्या बहुतेक अवयवांच्या आतल्या रक्तवाहिन्या सरळ डोळ्यांनी पाहता येत नाहीत. डोळा हा अपवाद. बाहुलीतून प्रकाश आत टाकला की मागच्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या, जिवंत रक्तवाहिन्या सरळ दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली त्यासाठीच्या उपकरणाचे, ऑफ्थॅल्मोस्कोपचे, वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून मधुमेह आणि रक्तदाब यांनी शरीराचे काय केले आहे हे डॉक्टर डोळ्यात डोकावून पाहत आले आहेत. पुढे १९९१ मध्ये एमआयटीतल्या फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओसीटी हे तंत्र मांडले. त्याने पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्याचे थरसुद्धा वेगवेगळे दिसू लागले, तेही डोळ्याला हात न लावता.

तुमच्यातल्या मराठी माध्यमवाल्यांना शाळेतली रोहिणी, नीला आणि केशवाहिनी आठवत असेल. रेटिनाच्या आतल्या थरांना रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी जेमतेम मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी असते. पुढे तिच्या फांद्या होत होत केशवाहिन्या इतक्या बारीक होतात की तांबड्या पेशीला अंग चोरूनच पुढे जावे लागते. आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. गल्लीत एकच नळ असावा, तो बंद पडला तर शेजारच्या गल्लीतून पाणी येण्याची सोय नसावी, तसे. शिवाय रेटिना हा मेंदूचाच भाग आहे आणि प्राणवायूची त्याची भूक प्रचंड असते. त्यामुळे रक्तवाहिन्यांना शरीरात कुठेही त्रास होत असेल तर तो इथे लवकर दिसण्याची शक्यता असते.

आता विषाणू काय करतो ते पाहू. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते, त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर फार कामसू आहे. वाहिनी कधी रुंद करायची, कधी आकसायची, रक्तातले काय बाहेर जाऊ द्यायचे, गुठळी कुठे होऊ द्यायची आणि कुठे नाही, हे सगळे तेच ठरवते. निरोगी अस्तरावर रक्त गोठत नाही.

पेशीत शिरताना कोरोनाचा विषाणू एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. या प्रथिनाचे मूळ काम, वाहिन्या आकसवणाऱ्या अँजिओटेन्सिन-२ या द्रव्याचे रूपांतर वाहिन्या सैल ठेवणाऱ्या द्रव्यात करणे हे आहे. विषाणूमुळे ते कमी पडले की पारडे आकसण्याकडे आणि दाहाकडे झुकते. संसर्गाशी लढताना प्रतिकारशक्ती जी रसायने सोडते त्यांनीही अस्तर चिडते, चिकट होते आणि त्यावर गुठळ्या धरू लागतात. एप्रिल २०२० मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की विषाणू थेट अस्तराच्या पेशींत शिरलेला दिसतो. त्यावर बरीच चर्चा झाली. आज बहुतेकांचा कल असा आहे की अस्तराचे नुकसान मुख्यतः दाहामुळे होते, विषाणू स्वतः तिथे घर करतो म्हणून नव्हे. गुठळ्यांबद्दल मात्र वाद नाही. त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये कोविडने आणि फ्लूने मेलेल्या प्रत्येकी सात जणांच्या फुप्फुसांची तुलना आली. कोविडच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊपट होत्या.

मग डोळ्यात काय दिसले? इथून पुढची गोष्ट मला विशेष आवडते, कारण विज्ञान कसे चालते हे तिच्यात दिसते.

मे २०२० मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांची माहिती दिली. ओसीटीत सगळ्यांच्या रेटिनात चमकदार ठिपके दिसले आणि चौघांना कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे डाग व सूक्ष्म रक्तस्राव होते. जगभर मथळे झळकले की कोरोना डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करतो. पण त्याच वर्षी रेटिनाच्या अनेक नामवंत तज्ज्ञांनी मिळून आक्षेप घेतला. हे चमकदार ठिपके म्हणजे आजार नसून नेहमीच्या निरोगी रक्तवाहिन्यांचे आडवे छेद असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ बातमी ज्यांनी वाचली, त्यांतल्या फार थोड्यांपर्यंत हा आक्षेप पोचला.

त्यापेक्षा नेटका अभ्यास इटलीतल्या मिलान शहरात झाला. तिथे ५४ रुग्णांची तुलना संसर्ग न झालेल्या १३३ जणांशी केली. रुग्णांपैकी पाच जणांत रक्तस्राव, चौघांत कापसासारखे डाग आणि १५ जणांत नीला फुगलेल्या आढळल्या. नीलांची सरासरी रुंदी रुग्णांत १३८ मायक्रॉन होती, इतरांत १२३. फुगलेली नीला हे दाहाचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. पुढे काही महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा ही रुंदी एकंदरीत उतरलेली होती. कापसाचा डाग म्हणजे अगदी छोट्या जागेचे रक्त तुटल्याने मज्जातंतूंना आलेली सूज. तोही बहुधा काही आठवड्यांत विरतो आणि पुष्कळदा रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्ग येथे कोविडने मृत्यू पावलेल्या १४ जणांच्या रेटिनांची तपासणी झाली. त्यांपैकी तिघांत विषाणूचे आरएनए सापडले. आरएनए सापडणे म्हणजे तिथे जिवंत विषाणू वाढत होता असे नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर असे: आजार जोरात असताना डोळ्यातल्या वाहिन्यांवर खुणा उमटतात, बहुतेकांत त्या ओसरतात आणि नजर शाबूत राहते. उरलेले निम्मे उत्तर मोठ्या वाहिन्या बुजण्याबद्दलचे आहे.

रेटिनाची नीला बुजली तर रक्त परतायला वाट मिळत नाही, ते मागे तुंबते, पाझरते आणि पडद्याला सूज येते. रोहिणी बुजली तर रक्त येतच नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या आरोग्यसेवेने २०२० च्या सुरुवातीपासून मे २०२१ पर्यंत कोविड झालेल्या ४ लाख ३२ हजार ५१५ सभासदांच्या नोंदी तपासल्या. संसर्गानंतरच्या सहा महिन्यांत ६५ जणांची नीला बुजली, १६ जणांची रोहिणी. आधीच्या सहा महिन्यांशी तुलना करता नीला बुजण्याचे प्रमाण सुमारे दीडपट झाले होते. रोहिणीच्या बाबतीतली वाढ इतकी लहान होती की ती योगायोगाने दिसली नाही असे म्हणता येत नाही.

आता बातमीदार 'दीडपट' हा शब्द उचलेल. तुम्ही-आम्ही हिशोबात मुरलेली माणसे, आपण दुसरा आकडा मागू या. ६५ भागिले ४ लाख ३२ हजार म्हणजे साधारण साडेसहा हजारांत एक. दीडपट हेही खरे आणि साडेसहा हजारांत एक हेही खरे. पहिला आकडा शास्त्रज्ञाला सांगतो की इथे काहीतरी घडते आहे. दुसरा तुम्हाला सांगतो की रात्रीची झोप उडवण्याचे कारण नाही. कोणी एकच आकडा सांगत असेल तर दुसरा विचारायचा. शिवाय हे आकडे सुरुवातीच्या काळातल्या विषाणूचे आणि बव्हंशी लस न मिळालेल्या लोकांचे आहेत. पुढच्या काळात सर्वच देशांच्या नोंदींत अशी वाढ दिसलेली नाही.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लसीमुळे गुठळी झाली का? २०२३ साली यावर दोन मोठे अभ्यास आले. गंमत म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणच्या, ट्रायनेटएक्स नावाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींवर आधारलेले होते आणि निष्कर्ष मात्र वेगळे निघाले. एकात लस घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली होती. त्यात दोन वर्षांत रेटिनाची वाहिनी बुजण्याचा धोका दुपटीहून थोडा जास्त दिसला. दुसऱ्यात एमआरएनए लस घेतलेल्या ३१ लाखांवर लोकांची तुलना फ्लूची किंवा धनुर्वाताची लस घेतलेल्यांशी केली होती. लशीनंतरच्या २१ दिवसांत १०४ जणांत, म्हणजे तीस हजारांत एकात, असा प्रकार झाला. ते प्रमाण इतर लशींनंतरच्या प्रमाणापेक्षा वेगळे नव्हते. कोविडच्या संसर्गानंतरचा धोका मात्र लशीनंतरच्या धोक्यापेक्षा जास्त भरला.

एकाच विहिरीतून दोन चवींचे पाणी कसे आले? फरक तुलनेत आहे. जो माणूस आपणहून लस घेतो तो साधारणपणे डॉक्टरकडे जाणारा, तपासण्या करून घेणारा असतो. त्याचे दुखणे नोंदीत येते. जो कुठेच जात नाही त्याचे दुखणे नोंदीबाहेर राहते. म्हणून लस घेणाऱ्याची तुलना लस घेणाऱ्याशीच करणे जास्त न्याय्य. माझ्या मते दुसऱ्या अभ्यासाची रचना अधिक भरवशाची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पहिलाच जास्त फिरला. आणि ज्याच्या डोळ्यात खरोखर गुठळी झाली त्या माणसाला यातला कुठलाही अभ्यास 'तुझी कशामुळे झाली' हे सांगू शकत नाही. त्याला उपचार लागतात. नीला बुजून सूज आली असेल तर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत आणि ती वेळेवर मिळाल्यास पुष्कळांची नजर सुधारते. लशीवरचा वाद ऐकत घरी बसलेल्या माणसाची ती वेळ निघून जाते.

मंडळी, कोविडच्या काळात डोळ्याची सगळ्यात मोठी हानी मात्र मी आतापर्यंत सांगितलेल्या कुठल्याच प्रकारात मोडत नाही. ती आपल्याकडे, भारतात, झाली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यातले कितीतरी जण इथून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवत होते आणि रात्ररात्र जागून अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्या कुठे मिळतील याचे मेसेज पुढे ढकलत होते. म्युकरमायकोसिस. वर्तमानपत्रांनी त्याला काळी बुरशी म्हटले. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांना त्याचा फार मोठा तडाखा बसला.

ही बुरशी काळी नसते. तिचे बीजाणू हवेत, मातीत सगळीकडे असतात आणि धडधाकट माणसाला काही करत नाहीत. पण प्रतिकारशक्ती खचलेली आणि रक्तात साखर भरपूर असली की ती नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूपर्यंत जाते. तिचा स्वभाव रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसण्याचा. वाहिनी आतून बुजते आणि पलीकडचा भाग रक्ताविना मरतो. काळा दिसतो तो हा मेलेला भाग. अनेकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढून टाकावा लागला. 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त २०२१ साली भारतातल्या अशा २,८२६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. सरासरी वय ५२. ७८ टक्क्यांना मधुमेह होता, ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते.

नुसत्या या टक्क्यांवरून कारण सिद्ध होत नाही, कारण त्या काळात स्टेरॉइड पुष्कळ रुग्णांना दिले जात होते. पण स्टेरॉइडने साखर चढते आणि प्रतिकारशक्ती दबते हे वैद्यकाला फार आधीपासून ठाऊक आहे. ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले होते की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना फायदा नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले होते. या निष्कर्षाचा पहिला भाग गावोगाव पोचला, दुसरा पोचला नाही. घरच्या घरी, ताप आल्या दिवसापासून, जास्त मात्रेत, साखर न तपासता स्टेरॉइड घेतले गेले. माझ्या नात्यातल्या एका काकांनी शेजाऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवरून गोळ्या सुरू केल्या होत्या. मावसभावाने फोनवर हटकले म्हणून त्या वेळीच थांबल्या. विज्ञानाचा अर्धाच निरोप पोचला तर काय होते याचे याहून कडू उदाहरण मला माहीत नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांनी नुसते 'बुवाबाजी नको' म्हणून थांबणे पुरत नाही. पदवीधर घरांतही औषध ऐकीव माहितीवर घेतले जाते.

आता तिसरा प्रश्न. निरोगी रेटिनावर लुकलुकता प्रकाश टाकला की तिथल्या रक्तवाहिन्या क्षणात रुंदावतात. पेशींना काम वाढले, रक्त जास्त हवे, म्हणून अस्तर वाहिनी सैल करते. २०२३ साली म्युनिकच्या संशोधकांनी दाखवले की कोविडनंतर दीर्घकाळ थकवा आणि इतर तक्रारी असलेल्या ४१ रुग्णांत नीलांचे हे रुंदावणे कमी पडते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे ज्यांना ऐकावे लागले, त्यांच्या शरीरात मोजता येण्याजोगे काही सापडले.

पण ४१ रुग्णांच्या गटाची सरासरी कमी असणे वेगळे आणि समोर बसलेल्या एका माणसाचे निदान करता येणे वेगळे. वय, रक्तदाब, साखर, धूम्रपान या सगळ्यांनी वाहिन्यांचे हे वागणे बदलते. डोळ्यांच्या स्कॅनवरून लाँग कोविडचे निदान करण्याची सर्वमान्य पद्धत आजतरी नाही. कुणी त्यासाठी पाकीट उघडायला सांगत असेल तर ते खिशातच ठेवावे.

पाकीट उघडायचेच तर कशासाठी, तेही सांगते. घरात मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून रेटिनाची तपासणी. रक्तदाब आणि साखर आटोक्यात. रेटिनाच्या वाहिन्या बुजण्याची जुनी आणि खरी कारणे हीच आहेत. कोविड हा बहुतेक वेळा आधीच काठावर असलेल्याला लागलेला धक्का असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणानुसार भारतात मधुमेही दहा कोटींच्या घरात आहेत. त्यांत आपले आई-बाबा, काका-मावशी आहेत. महामारीत नेत्रतपासणीच्या तारखा चुकल्या आणि पुष्कळांच्या त्या कायमच्याच सुटल्या.

आणि एक गोष्ट आज घरी घेऊन जा. एका डोळ्याची नजर अचानक गेली, अंधारी आली, अर्धा पडदा काळा झाला आणि दुखत मात्र काही नाही, तर 'दुखत नाही ना, मग सोमवारी बघू' असे म्हणू नका. आयोवा विद्यापीठातले आपले भारतीय वंशाचे नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवले की रेटिनाचा रक्तपुरवठा सुमारे शंभर मिनिटे तुटला तर ती सावरते, चार तास तुटला तर कायमची जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये रोहिणी बुजण्याला पक्षाघाताइतकीच तातडी द्यावी असे सांगितले आहे. म्हणजे चष्म्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट नव्हे, सरळ इमर्जन्सी. इथे ९११, महाराष्ट्रात १०८.

वयस्कर माणसांच्या एका डोळ्याची नजर हळूहळू जाते तेव्हा दुसरा डोळा ते झाकून नेतो. म्हणून उद्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा हवापाणी विचारून झाल्यावर आई-बाबांना सांगा की एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून दाखवा. मग शेवटची साखर किती होती ते विचारा, आणि डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला होता तेही. तिसऱ्या प्रश्नावर फोन शांत झाला तर त्याच बोलण्यात तपासणीची तारीख ठरवून टाका.

मला एवढेच सांगायचे होते.  आता तुमचे प्रश्न घेऊ.